चार तारांचे वाद्य आणि त्याचे लाकूड

मागील वर्षी काजूचा हंगाम सरत आला होता, त्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सायंकाळच्या जपमाळेनंतर मला भेटावयास आले. हातात शाळेच्या वहीचे एक पान होते. त्यांचा धाकटा मुलगा आमच्या गायकवृंदात गातो; त्याला उकुलेले नावाचे छोटे तंतुवाद्य हवे होते, आणि वडिलांनी विसरू नये म्हणून त्याने स्वतःच्या अक्षरात पानावर चार शब्द लिहून दिले होते : सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर, बॅरिटोन. त्याखाली दुसरी ओळ होती : कोआ, महोगनी, आंबा.

"फादर," ते म्हणाले, "पोराचा आवाज आता फुटलाय. आमचे मास्तर त्याला टेनरात उभा करतात. मग टेनरच मागवूया की?"

मला हसू आले, पण ते मी आवरले. गायकवृंदात ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांनी हे शब्द ऐकून असाच समज करून घ्यावा यात नवल नाही. तथापि त्यांचे पुढचे बोलणे ऐकून हसण्याचे कारण उरले नाही. शहरातील एका दुकानदाराने त्यांस सांगितले होते की, कोआ लाकडाचे नसेल तर ते उकुलेलेच नव्हे. बाकी सारी खेळणी. खरे, हातांनी घडविलेले कोआचे वाद्य परदेशातून मागवावयाचे तर किंमत हजार डॉलरच्या पुढे जाते. त्यासाठी हे गृहस्थ पुढील वर्षीच्या काजूवर व्यापाऱ्याकडून उचल घेण्याच्या विचारात होते! मी त्यांस आठ दिवस थांबावयास सांगितले. त्या आठ दिवसांत आणि नंतरही ह्या वाद्याविषयी जे वाचले, जाणत्या वादकांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे. कारण हा प्रश्न आता एकाच घरचा राहिलेला नाही. गिटारपेक्षा लहान, शिकावयास सोपे आणि खांद्याला अडकवून बसमधून नेता येईल असे हे वाद्य आपल्या मुलांना आवडू लागले आहे.

उकुलेलेचे घर म्हणजे पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे. ही बेटे आपल्याला अगदीच परकी नाहीत. कुष्ठरोग्यांची सेवा करिता करिता स्वतः त्याच रोगाने १८८९ साली मरण पावलेले संत डेमियन ह्यांची कर्मभूमी मोलोकाई हे ह्याच बेटांपैकी एक. डेमियन फादरांना सुतारकाम चांगले येत असे. चॅपेल उभारण्यापासून मृतांच्या शवपेट्या करण्यापर्यंतची कामे ते आपल्या हातांनी करीत. ते मोलोकाईवर असतानाच, २३ ऑगस्ट १८७९ रोजी, 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज होनोलुलु बंदरास लागले. त्यात पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आलेली चारशेहून अधिक माणसे होती : बाया, बापे आणि लेकरे. मदेराच्या द्राक्षमळ्यांवर रोग पडला होता, पोटाला अन्न नव्हते, म्हणून उसाच्या मळ्यांवर मजुरी करण्याचा करार करून ही कॅथलिक कुटुंबे चार महिन्यांचा सागरप्रवास करून आली होती.

ह्या उतारूंत तीन सुतार होते. मानुएल नुनिस, आगुश्त डायस आणि जुझे दो एस्पिरितो सांतो. त्यांच्यासोबत वाजविण्यात वाकबगार असा एक जुआंव फर्नांडिस होता. जहाज धक्क्याला लागताच त्याने कोणाचे तरी वाद्य मागून घेऊन आनंदाने वाजविले, असे सांगतात. वाचकहो, ही नावे वाचताना मला आपल्याच चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचे पान उघडल्यासारखे वाटले! पोर्तुगीजांची गलबते जेथे जेथे गेली तेथे तेथे त्यांची नावे आणि वाद्ये मागे राहिली. गोव्यात धर्मग्रामाच्या शाळांतून व्हायोलिन आणि सोल्फा रुजला, ब्राझीलमध्ये कावाकिन्यु, हवाईत ह्या लोकांनी नेली ती मशेत आणि रजांव नावाची दोन लहान वाद्ये.

ह्या दोहोंच्या संयोगातून उकुलेले जन्मास आले. आकार घेतला चार तारांच्या मशेतचा, आणि सूर घेतले पाच तारांच्या रजांवच्या चार तारांचे. मळ्यावरील करार संपवून हे तिघे सुतार होनोलुलुत परतले, त्यांनी दुकाने थाटली आणि तेथील लोकांच्या पसंतीस उतरेल असे वाद्य ते घडवू लागले. त्यावेळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते. राजा कालाकौआ ह्याला ह्या वाद्याची इतकी गोडी लागली की, दरबारातील नृत्यासोबतही ते वाजू लागले. नावाचा अर्थ बहुतेक लोक 'उडी मारणारी पिसू' असा करतात, कारण वादकाची बोटे तारांवर तशी उडतात. कालाकौआची बहीण राणी लिलिउओकालानी हिला हा अर्थ रुचत नसे. 'दुरून आलेली भेट' असा त्याचा अर्थ ती सांगे. व्याकरण कोणाच्या बाजूचे आहे ते मी सांगू शकत नाही. माझे मन मात्र राणीच्या बाजूचे आहे.

आता लाकडाकडे वळू, कारण उचल घ्यावयाची होती ती लाकडापायी.

मदेरातील सुतार आपल्या देशी वाद्याच्या दर्शनी फळीस पाइनच्या जातीचे मऊ लाकूड वापरीत. (ह्या फळीला मिरजेचे तंबोरा-सतार करणारे कारागीर तबली म्हणतात, तोच शब्द मी येथे वापरतो.) होनोलुलुत त्यांच्या हाताशी होते ते कोआ. ह्या वृक्षाचे खोड कोरून हवाईचे लोक समुद्रात जावयाच्या होड्या करीत. त्यांच्या भाषेत 'कोआ' म्हणजे शूर योद्धाही. लाकूड तांबूस-सोनेरी, घासल्यावर रेशमासारखे चकाकणारे. सुतारांनी तबली, पाठ, बाजू सारे काही कोआचेच केले, आणि तेव्हापासून हवाईचे उकुलेले म्हटले की कोआ हे समीकरण बसले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही निवड कोणा तज्ज्ञाने शेकडो लाकडे वाजवून पाहून केलेली नव्हती. गरीब, परक्या मुलुखात आलेल्या सुतारांनी दारात उभ्या असलेल्या झाडाचे वाद्य केले, आणि ते उत्तम केले. सोबतच, परदेशाहून लाकूड मागविणे त्यांना परवडणारेही नव्हते.

कोआ हवाईखेरीज अन्यत्र आपोआप वाढत नाही. पण त्याचे भाऊबंद आपण रोज पाहतो. गोव्यात, कोकणात आणि आमच्या घाटमाथ्यावर वनखात्याने रस्त्याकडेला लावलेली अकेशियाची झाडे वाचकांच्या परिचयाची आहेत. कोआ त्याच कुळातला. ह्या दोहोंची कोयत्याच्या पात्यासारखी दिसणारी पाने ही खरी पाने नव्हेत, तर पसरट झालेले देठ होत. रोप कोवळे असताना बाभळीसारखी बारीक खरी पाने येतात, ती पुढे नाहीशी होतात. अकेशियाचे उकुलेले आज आशियातील कारखान्यांतून पुष्कळ निघते आणि 'कोआचा चुलतभाऊ' म्हणून विकले जाते. ह्यात लबाडी नाही, नाते खरे आहे; मात्र चुलतभावाला भावाच्या किमतीला विकू लागले म्हणजे लबाडी सुरू होते.

कोआ महाग का झाला? केवळ वाद्यांमुळे नव्हे. १७९३ साली व्हँकुव्हर नावाच्या इंग्रज कप्तानाने हवाईच्या राजाला गाई-बैल भेट दिले. राजाने त्यांची शिकार करण्यास बंदी घातली. गुरे मोकाट वाढली आणि त्यांनी कोआची कोवळी रोपे फस्त केली. पुढे कुरणांसाठी जंगले साफ झाली. एकेकाळी डोंगरउतारावर दाट असलेले हे वन फार आक्रसले. आज हातांनी वाद्य घडविणारे कारागीर बहुधा पडलेल्या अथवा वठत चाललेल्या झाडांचे लाकूड मिळवितात आणि जपून ठेवितात. त्यातही ज्या फळीत लाटांसारखी नक्षी दिसते ती 'कर्ली कोआ' सर्वांत महाग. ही नक्षी डोळ्यांना अपूर्व आनंद देते. कानांना ती अधिक काही देते असे सिद्ध झालेले नाही.

कोआखालोखाल मान महोगनीचा, आणि त्यामागची कथा सर्व कारागिरांनी ऐकावी अशी आहे. अमेरिकेतील मार्टिन ही गिटार करणारी जुनी आणि नामवंत पेढी. तिने १९०७ च्या सुमारास प्रथम उकुलेले करून पाहिले. गिटारीच्या सवयीप्रमाणे तबली स्प्रूस ह्या उत्तम, नावाजलेल्या लाकडाची केली, आणि आतून गिटारीसारख्याच भरपूर पट्ट्या ठोकून ती मजबूत केली. वाद्य मुके झाले! गिटारीच्या तारांना जी तबली हलविता येते ती उकुलेलेच्या चार नाजूक तारांना हलविता येईना. प्रयत्न सोडून द्यावा लागला. पुढे १९१५ साली सान फ्रान्सिस्को येथील मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी लोकांस वेड लावले, सर्वत्र मागणी वाढली, तेव्हा १९१६ पासून मार्टिनने पुन्हा आरंभ केला : ह्यावेळी साधे महोगनी, पातळ तबली, आत मोजक्याच हलक्या पट्ट्या. ती वाद्ये इतकी गोड वाजली की शंभर वर्षांनंतर आजही जाणते लोक ती शोधीत फिरतात. पेढी तीच होती. नावाजलेले लाकूड पडले, साधे लाकूड उभे राहिले.

ह्याचे मर्म सोपे आहे. तार छेडली असता तिच्यात शक्ती ती कितीशी! ती घोडीवाटे तबलीत उतरते, तबली थरथरते आणि पेटीतील हवेला हलविते. लहान वाद्याची तबली सुमारे दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असते. ती थोडी जाड राहिली तर आवाज दबतो. फार पातळ झाली तर घोडीच्या ओढीने फुगते आणि कालांतराने तडकते. ह्या दोन संकटांमधील वाट कागदाच्या जाडीइतकी अरुंद असते, आणि एकाच झाडाच्या दोन फळ्यांतही ती सारखी नसते. म्हणून खरा कारागीर माप पाहतोच, पण शिवाय फळी दोन बोटांत लटकवून टिचकी मारतो, वाकवून पाहतो.

होनोलुलुत सॅम्युएल कमाका ह्यांनी १९१६ साली स्थापिलेला कारखाना आजही त्यांच्याच कुटुंबाकडे आहे. कमाका हे मानुएल नुनिस ह्यांच्याकडेच विद्या शिकले होते. अननसाच्या आकाराचे उकुलेले ही त्यांचीच कल्पना. ह्या कारखान्यात पुढील पिढीच्या काळात अनेक कर्णबधिर कामगार कामास होते. वाद्याच्या कारखान्यात बहिरा माणूस काय करणार, असे आपल्याला वाटेल. परंतु फळी किती तासावी हे ते बोटांना जाणवणाऱ्या कंपांवरून ठरवीत, आणि त्यांचा हात ऐकणाऱ्यांपेक्षाही नेमका असे. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसून राहिलो.

मुलाने वहीच्या पानावर लिहिलेल्या पहिल्या ओळीचा उलगडा अजून राहिलाच आहे. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन ही आवाजाची नव्हे, तर आकाराची नावे. सोप्रानो सर्वांत लहान : एकूण लांबी सुमारे २१ इंच, त्यात वाजणारी तार १३ इंचांची. कॉन्सर्ट सुमारे २३ इंच, तार १५. टेनर २६ इंच, तार १७. बॅरिटोन ३० इंच, तार १९ ते २०. चमत्कार असा की पहिल्या तिन्ही आकारांत तारा त्याच सुरांत लावतात : सोल, दो, मी, ला. म्हणजे टेनर उकुलेलेचा सूर सोप्रानोहून खालचा असतो असे नव्हे. फक्त पेटी मोठी असल्याने नाद भरदार येतो आणि तार लांब असल्याने तो अधिक वेळ टिकतो. बॅरिटोन मात्र रे, सोल, सी, मी अशा खालच्या सुरांत, गिटारच्या पहिल्या चार तारांप्रमाणे लावतात. तेव्हा मुलगा टेनर गातो म्हणून त्याने टेनर उकुलेले घ्यावे हे, बुटका मनुष्य म्हणून त्याने लघुकथाच वाचाव्यात असे म्हणण्यासारखे झाले.

व्हायोलिन वाजविणाऱ्यांना आणखी एक गोष्ट चकवील. ह्या वाद्याची चौथी, म्हणजे वादकाच्या हनुवटीजवळची तार सर्वांत खर्जाची नसते. तो 'सोल' वरचा असतो. त्यामुळे चारही तारांवरून हात फिरला म्हणजे सूर चढत न जाता उंच, खोल, मध्यम, उंच असे खिदळत निघतात. उकुलेलेचे ते हसू ह्या एका तारेत आहे. अलीकडे टेनरवर पुष्कळ वादक ही तार बदलून खालच्या 'सोल'ची लावतात. त्यामुळे एकट्याने धुन वाजविताना अधिक सूर हाती येतात. हसू मात्र थोडे कमी होते.

आरंभी केवळ सोप्रानोच असे, म्हणून त्याला नावही नव्हते. १९२० ते १९३० ह्या दशकात मोठ्या नाट्यगृहांतून मागच्या रांगेपर्यंत ऐकू जावे म्हणून कॉन्सर्ट आणि टेनर निघाले. बॅरिटोन दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला. आज हातांनी, मागणीनुसार वाद्य घडविणाऱ्यांच्या कार्यशाळेत पाहावे तर टेनरचीच चलती. होनोलुलुचे जेक शिमाबुकुरो ह्यांनी कमाकाच्या टेनरवर जी अवघड कामगिरी केली ती २००६ पासून जगभर पाहिली-ऐकली गेली, आणि एकट्याने मैफल रंगविणारे वाद्य म्हणून टेनरला मान आला. जुन्या साध्या सोप्रानोच्या दांडीवर बाराच पडदे असत; टेनरवर सतरा-अठरा, कधी त्याहून अधिक. दुसरे कारण व्यवहाराचे आहे, आणि ते कारागीर मोकळेपणाने सांगतात. बाजू तापवून वाकविणे, दांडी बसविणे, पडदे ठोकणे, रोगण चढविणे ह्याला सोप्रानोस जवळपास तेवढेच दिवस लागतात; गिऱ्हाईक मात्र लहान वाद्याला मोठी किंमत देत नाही. साहजिकच चांगले कारागीर टेनरकडे वळले. माझे मत विचाराल तर, लहान सोप्रानो गोड वाजेल असे करणे हीच अधिक कठीण परीक्षा. तेथे चूक लपावयास जागा नसते.

टेनरच्या पाठोपाठ लाकडेही वाढली. एकट्याने वाजविणाऱ्यास प्रत्येक सूर स्पष्ट आणि लांबणारा हवा असतो; म्हणून मार्टिनच्या हातून १९०७ साली फसलेला स्प्रूस आता योग्य पातळ तासून, हलक्या पट्ट्यांवर टेनरच्या तबलीस सन्मानाने बसतो. कोणी सीडर घेतात, कोणी रेडवुड. पाठीस आणि बाजूस आपला शिसवी. हा शिसवी दक्षिण भारतातून साऱ्या जगात जातो; आपल्या जुन्या घरांतील पलंग, कपाटे आणि कित्येक वेदींचे कोरीवकाम ज्याचे आहे तोच. २०१७ पासून त्याच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील महोगनीवर असेच नियंत्रण २००३ पासून आहे, म्हणून पुष्कळ कारागीर मोडीत निघालेल्या जुन्या फर्निचरचे महोगनी हुडकीत असतात. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारा तून हा वृक्षही महोगनीच्याच कुटुंबातला, हे येथे सांगून ठेवतो.

प्रत्येक लाकडाचे गुण वर्णन करणारी भाषा मोठी रसाळ असते : कोआ गोड आणि झळाळणारा, महोगनी मऊ, सीडर ऊबदार, स्प्रूस काचेसारखा स्वच्छ. ह्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तबलीचे लाकूड बदलले म्हणजे फरक पडतो. पण तो फरक किती? इंग्लंडमध्ये ह्याची एक पद्धतशीर परीक्षा झाली, आणि तिचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. एकाच कारागिराने सहा गिटारी घडविल्या. साऱ्यांची तबली सारखी, फक्त पाठ आणि बाजू सहा वेगवेगळ्या लाकडांच्या. त्यांत अतिशय महाग असा ब्राझीलचा शिसवी होता, तसेच साधे सापेले आणि अक्रोडही होते. बावन्न गिटारवादकांना अंधूक प्रकाशात, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे घालून त्या वाजविण्यास दिल्या. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळजवळ सारखेच होते. ही परीक्षा गिटारीची होती आणि तबलीविषयी ती काही सांगत नाही, हे खरे. परंतु पाठीच्या लाकडावर लोक जे ढीगभर पैसे ओततात ते कानासाठी किती आणि डोळ्यांसाठी किती, याचा विचार तिच्यामुळे करावाच लागतो. डोळ्यांसाठी पैसे खर्चू नयेत असे नव्हे. ज्याच्याजवळ आहेत त्याने खुशाल खर्चावेत. आमच्या गृहस्थांजवळ ते नव्हते.

मुलाच्या कागदावरील तिसरे नाव वाचून मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले होते. आंबा! आपल्याकडे आंब्याचे लाकूड म्हणजे हलक्या कामाला, फळकुटांना, फार तर जळणाला. मात्र हवाईतील नामांकित कारागीर आंब्याचे उकुलेले कोआच्या शेजारी मांडतात. आंबा तेथे परदेशातून आला आणि परसदारी फोफावला. म्हातारे झाड वादळात पडले किंवा घर बांधताना तोडले की कारागीर धावत जातो. ओल्या लाकडात बुरशी शिरली म्हणजे काळ्या, गुलाबी, पिवळ्या रेघांचे जे चित्र उमटते त्याला तेथे विशेष किंमत आहे. आपण ज्या फळीला 'किडली' म्हणून बाजूला टाकू, ती तेथे मखमलीत ठेवतात! नादालाही आंबा कोआच्या जवळपास जातो असे जाणते वादक सांगतात. मदेराच्या सुतारांनी दारातले झाड घेतले. त्यांच्या मागून आलेल्यांनी दारातला आंबा घेतला. रीत एकच.

आठ दिवसांनी ते गृहस्थ आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, काजूवर उचल घेऊ नका. आपल्या हवेत, जेथे चार महिने भिंतींना ओल असते आणि एप्रिलात दारे कोरडी पडून फटी दाखवितात, तेथे पातळ अखंड लाकडाचे वाद्य सांभाळणे नवशिक्याला कठीण, ते तडकते. तीन थर चिकटवून केलेल्या, म्हणजे प्लायवूडच्या पेटीचे साधे वाद्य नादात थोडे कमी, पण पावसाळ्यात टिकणारे. पाहावयाचे ते दुसरेच. पडद्यांच्या जागा अचूक आहेत ना? प्रत्येक पडदा उरलेल्या तारेच्या सुमारे अठराव्या भागावर बसावा लागतो. तेथे चूक झाली तर कोआ असो की चंदन असो, वाद्य जन्मभर बेसूर. खुंट्या सैल पडत नाहीत ना? तारा दांडीपासून फार उंच नाहीत ना? इतके पाहून मग आकार मुलाच्या बोटांनी ठरवू द्या. मी स्वतः सोप्रानोच्या बाजूचा होतो. मुलाने बेळगावला जाऊन दोन्ही वाजवून पाहिली आणि कॉन्सर्ट घेतले. सोप्रानोवर त्याची बोटे एकमेकांवर चढत होती. उचल घ्यावी लागली नाही.

ते वाद्य आता नाताळपासून गायकवृंदात आहे. काही वयस्क मंडळींनी कुरकुर केली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच, योग्य परवानगीने, उपासनेला साजेशी इतर वाद्ये मान्य केली आहेत, हे मी त्यांना वाचून दाखविले. ती गप्प बसली. पटले असे नाही.

परंतु सर्वांत अधिक परिणाम झाला तो आमच्या मिस्त्रींवर. चर्चमधील बाके त्यांच्याच हातची. त्यांनी ते वाद्य उलटसुलट करून पाहिले, भोकात डोकावले, टिचकी मारली आणि म्हणाले, "फादर, हा तर डबाच की! आपल्या शेडातली आंब्याची फळी देतासा?" दोन वर्षांपूर्वी वादळात पडलेल्या आंब्याच्या फळ्या तेथे सुकत पडल्या होत्या. मी दिली. पडद्यांची मापे त्यांनी विकतच्या वाद्यावरून दोऱ्याने घेतली, बाजू गरम नळीवर वाकविताना दोन मोडल्या, तिसरी बसली. उपवासकाळाच्या मध्यावर एका रविवारी त्यांनी आपले उकुलेले आणले. काम बाकासारखे भक्कम, तबलीही बाकासारखीच. तारा छेडल्या तर दार ठोठावल्यासारखा आवाज! मिस्त्रींचा चेहरा उतरला. मी त्यांना मार्टिनच्या पेढीची १९०७ सालची हकिगत सांगितली. ते पोटभर हसले, तारा उतरविल्या, वाद्य बगलेत मारले आणि घरी गेले.

त्यानंतर त्यांनी तबली दोनदा तासली आहे. गेल्या आठवड्यात मिस्सानंतर ते पुन्हा घेऊन आले होते. मुलाने वाजवून पाहिले. ह्या वेळी दार नव्हते, आत कोणीतरी होते. मिस्त्रींनी कान लावून ऐकले, अंगठ्याने तबली दाबून पाहिली आणि म्हणाले, "खालच्या अंगाला अजून थोडं काढायला पाहिजे."